काजळ घालायचं, लायनर ओढायचा

भाचीला गेल्या महिन्यात नोकरी लागली. घर मुलुंडला, ऑफिस लोअर परळला. सकाळी गच्च भरून आलेली स्लो लोकल पकडायची, करी रोडला उतरायचं आणि पुढे चालत जायचं. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. "मावशी, जेवायच्या सुट्टीपर्यंत डोळ्यांखाली सगळं काळं होतं गं. तीनशेच्या आत टिकणारी काळी पेन्सिल सांग ना."

तोवर तिच्या तीन पेन्सिली घेऊन झाल्या होत्या. मी तिन्ही मागवून बघितल्या. तिन्हींवर 'काजळ' लिहिलेलं होतं, आणि ती त्यांनीच वरच्या पापणीवर रेघ ओढत होती. पेन्सिली वाईट नव्हत्या. जागा चुकत होती.

आपल्या बोलण्यात हा फरक मुळातच आहे. काजळ आपण डोळ्यात 'घालतो', लायनर पापणीवर 'ओढतो'. पापणीच्या केसांच्या आतली ओली कड, जिला आता सगळे वॉटरलाइन म्हणतात, ती काजळाची जागा. केसांच्या मुळाशी, बाहेरच्या कोरड्या कातडीवर लायनर. दोन्ही काळ्या, दोन्ही पेन्सिली, दुकानात एकाच काचेखाली मांडलेल्या. तरी आतला माल वेगळा असतो.

माझी आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी ठेवून काजळ धरायची. जमलेली काजळी खरवडून त्यात थेंबभर एरंडेल घालायचं आणि डबीत भरायचं. आजच्या काजळाच्या पेन्सिलीत काजळीच्या जागी बहुतेक वेळा काळं आयर्न ऑक्साइड असतं (वेष्टनावर सी.आय. ७७४९९ हा आकडा दिसतो) आणि एरंडेलाच्या जोडीला मेणं असतात. पण स्वभाव तोच राहिला आहे: तेलकट, मऊ, ओल्या कडेवर न टोचता सरकणारा. मऊपणा हवा म्हणूनच ते पूर्ण सुकत नाही, आणि सुकत नाही म्हणून वरच्या पापणीवर ओढलं की डोळा उघडताच घडीवर त्याची छाप उठते.

लायनर पेन्सिलीतही जी 'जेल' म्हणून मिळते तिची गोष्ट निराळी आहे. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच आयसोडोडेकेन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन असं काही दिसेल. हे द्रव रेघ ओढल्यावर उडून जातात आणि मागे रंग धरून ठेवणारी पातळ पापुद्र्यासारखी फिल्म राहते. त्याला अर्धं-एक मिनिट लागतं. तेवढ्यात चुकलेलं बोटाने पुसून घ्यायचं, नंतर ती हलत नाही. साधी मेणाची लाकडी लायनर पेन्सिल या दोघींच्या मधली: काजळापेक्षा कडक, पण जेलइतकी घट्ट बसत नाही.

मग जेल लायनरच डोळ्यात घातला तर? भाचीने हेच विचारलं, आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. फिल्म बसायला कोरडी जागा लागते आणि वॉटरलाइन कधीच कोरडी नसते. एका बाजूला डोळ्यातलं पाणी. दुसऱ्या बाजूला, केसांच्या अगदी मागे, बारीक तेलग्रंथींची तोंडं, वरच्या पापणीत साधारण तीस-चाळीस आणि खालच्या पापणीत वीस-तीस. डोळ्यातलं पाणी झटकन सुकू नये म्हणून त्या ग्रंथी सतत तेल सोडतात. त्या तेलापाण्यात फिल्म नीट धरत नाही, तिचे कण सुटून डोळ्यात जातात. काजळही त्याच तेलाने सैल होऊन खाली उतरतं. म्हणून वॉटरलाइनवर दिवसभर टिकेल अशी आशाच धरू नये, दुपारी एकदा कापसाने टिपून पुन्हा घालावं. लेन्स लावणाऱ्यांनी तर आतली कड मोकळीच ठेवावी.

'वॉटरप्रूफ' आणि 'स्मज-प्रूफ' हे शब्दही एक नव्हेत. पहिला पाण्याबद्दल बोलतो, दुसरा घासण्याबद्दल. पावसाच्या सरीत तग धरणारी पेन्सिल पापणीच्या तेलाने विरघळू शकते, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आपल्याला पाण्याइतकाच त्रास या तेलाचा आणि घामाचा होतो.

नावांवर मात्र विसंबू नका. आपल्याकडे 'काजळ' हा शब्द जास्त खपतो म्हणून बाहेरच्या रेघेला चालणाऱ्या पेन्सिलींवरही तोच छापतात. दुकानात हाताच्या पाठीवर दोन रेघा ओढा, मिनिटभर थांबा. एकीवरून कोरडा अंगठा फिरवा, दुसरीवर खोबरेलाचा किंवा हँड क्रीमचा ठिपका लावून बोट फिरवा. कोरड्या अंगठ्याने फिसकटली तर ती काजळाच्या जातीची. तेलानेही थोडी तग धरली तर वरच्या पापणीसाठी घ्या. टेस्टर डोळ्याला मात्र कधीच लावू नका.

पैशांचा हिशेबही बघा. दादरच्या रानडे रोडवर किंवा क्रॉफर्ड मार्केटात १५० ते ३५० रुपयांत दोन्ही प्रकार मिळतात, पण वजन वाचा. पिळून वर काढायच्या पेन्सिलीत माल फार कमी असतो. लॅक्मे आयकॉनिक आणि मेबेलिन कोलोसल ही दोन्ही काजळं ०.३५ ग्रॅमची. टोक करायच्या लाकडी पेन्सिलीत साधारण एक ग्रॅमच्या वर. शार्पनरमध्ये थोडा माल वाया जातो हे धरूनही रोजच्या काजळाला मला लाकडीच परवडते. उन्हाळ्यात टोक मोडत असेल तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग शार्पनरला लावा. दर टोकागणिक वरचा थर निघून ताजा भाग पुढे येतो हा आणखी एक फायदा. तरी डोळे आले असतील तर लाकडी असो की पिळायची, त्या दिवसांत वापरलेली पेन्सिल टाकूनच द्यावी.

लेडीज डब्यात वीस-तीस रुपयांना मिळणाऱ्या पेन्सिलींबद्दल एवढंच सांगते, ज्यावर उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर आणि मुदत नाही ते डोळ्यात घालू नका. रंगासाठी शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला आपल्या कायद्याने बंदी आहे, पण लेबलच नसेल तर आत काय आहे ते कळणार कसं? सुरमा ही आणखी तिसरीच वस्तू. तो पारंपरिकरीत्या गॅलेना या खनिजाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा करतात. काजळ समजून तो घेऊ नये.

भाचीकडे आता दोन पेन्सिली आहेत. वर जेल लायनर: आधी पापणीवरचं सनस्क्रीन टिश्यूने टिपायचं, रेघ ओढायची आणि मिनिटभर खाली बघत राहायचं. आत लाकडी काजळ, तेही बाहेरच्या अर्ध्या कडेलाच, आणि खालच्या पापणीखाली बोटाने जराशी पावडर. दोन्ही मिळून ४७० रुपये झाले, तीनशेत बसले नाहीत. रात्री खोबरेलात भिजवलेला कापूस बंद डोळ्यावर अर्धा मिनिट धरते, मग न घासता खाली ओढते, आणि सकाळी हट्टाने न निघालेला लायनर सगळा कापसावर येतो.