भरिताच्या वांग्यांना भुंगा हवा

हिवाळा लागला की जळगावकडे शेतोशेती भरिताच्या पार्ट्या रंगतात. तुराट्यांवर वांगी भाजायची, सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. वांग्याच्या चवीवर तासभर वाद होतो. त्याच्या फुलावर कोण येऊन गेलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

परसातल्या वांग्याचं जांभळं फूल जरा वर उचलून पाहा. मधोमध पिवळ्या परागकोशांचा सुळका दिसेल. बऱ्याच फुलांचे परागकोश उभे उकलतात आणि पराग उघडा पडतो. इथे मात्र प्रत्येक परागकोशाच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं, आणि पराग आत कोंडलेला. मकरंद तर या फुलात नसतोच. पोळ्यातल्या मधमाशीला हा पराग झाडून काढता येत नाही. ते जमतं काळ्या भुंग्याला आणि पोटावर निळसर पट्टे असलेल्या एका गुबगुबीत माशीला. फूल पायांनी घट्ट धरायचं, पंख न हलवता उडायचे स्नायू तेवढे थरथरवायचे, सेकंदाला शेकडो वेळा. मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग झडतो आणि अंगावरच्या केसांना चिकटतो. सकाळी वाफ्यापाशी थांबलं तर हे कानांनीही कळतं: उडतानाची घरघर थांबते आणि फुलावरून तुटक, चिरका आवाज येतो. वाऱ्याने फुलं हलूनही काही वांगी धरतात, पण भुंगा फिरकला की फळधारणा वाढते. टोमॅटोचंही तसंच. गिलक्याच्या पिवळ्या फुलांवरही भुंगे येतात. तिथे पराग मोकळा असतो, एवढी खटपट लागत नाही.

मग हे पाहुणे राहतात कुठे? भुंग्याची मादी वाळक्या लाकडात बोटभर जाडीचं गोल भोक पाडते, आत परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते आणि भुशाच्या पडद्याने खोली बंद करते. पट्टेवाली माशी मातीत बीळ करते. मातीची भिंतही तिला चालते. धाब्याच्या, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छपराच्या, जुन्या घरांत दोघांचीही सोय आपसूक होती. आता स्लॅबचं घर आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक. नुसती फुलझाडं लावून हा प्रश्न सुटत नाही. कुंपणापाशी एखादा वाळका ओंडका पडू द्या, उन्हाची हातभर जागा न खणता, न सारवता तशीच ठेवा. भुंगा दारात दिसला म्हणून झाडू उचलायची गरज नाही. नराला नांगीच नसते आणि मादी डिवचल्याशिवाय सहसा डसत नाही.

दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे पतंग. वेलाशेजारी रात्रभर झगझगीत दिवा असेल तर ते दिव्याभोवतीच घिरट्या घालत बसतात.

कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर तिला राहू द्या, तिचं फुलपाखरू होतं. वांग्याचा शेंडा पोखरणारी अळी वेगळी. सुकलेला शेंडा अळीसकट कापून नष्ट करावा, घरच्या चार झाडांना बहुधा तेवढं पुरतं. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडात भिनून परागापर्यंत पोहोचतं, त्यामुळे संध्याकाळी फवारलं तरी सकाळी येणारा भुंगा त्यातून सुटत नाही.