युरोपीय संघातील संघाबाहेरील कुटुंबीयांचा संचारहक्क

युरोपीय संघाच्या नागरिकाशी विवाहाने, रक्ताने किंवा अवलंबित्वाने जोडलेली, पण स्वतः संघातील कोणत्याही देशाची नागरिक नसलेली व्यक्ती त्या नागरिकाबरोबर एका सदस्य देशातून दुसऱ्या देशात जाऊ शकते, तेथे राहू शकते आणि काम करू शकते. हा हक्क २९ एप्रिल २००४ रोजी संमत झालेल्या २००४/३८ क्रमांकाच्या निर्देशात बांधून दिला आहे. सदस्य देशांना तो आपापल्या कायद्यात उतरवण्यासाठी ३० एप्रिल २००६ पर्यंत मुदत होती. नॉर्वे, आइसलँड व लिखटेनश्टाइन या देशांतही हेच नियम चालतात. स्वित्झर्लंडमध्ये वेगळ्या करारान्वये बरेचसे तसेच नियम लागू आहेत.

हा हक्क कुटुंबीयाचा स्वतःचा नव्हे. तो संघाच्या नागरिकाकडून मिळतो, आणि तोही नागरिक स्वतःच्या देशाबाहेर राहायला गेला तरच. एवढे ध्यानात ठेवले की बाकीचे बहुतेक नियम उलगडत जातात. पोर्तुगीज नागरिक जर्मनीत नोकरीला गेला, तर त्याच्या भारतीय पत्नीला निर्देशाचे संरक्षण मिळते. तोच पोर्तुगालमध्ये राहिला, तर पत्नीचा अर्ज पोर्तुगालच्या राष्ट्रीय कायद्याने तपासला जातो.

जवळच्या कुटुंबीयांत पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणाचीही २१ वर्षांखालील मुले, त्याहून मोठी पण अवलंबून असलेली मुले आणि दोघांचे अवलंबून असलेले आईवडील येतात. सासूसासरेही यात बसतात, हे अनेकांना ठाऊक नसते. भावंडे किंवा विवाह न करता दीर्घकाळ एकत्र राहणारा जोडीदार यांचा हक्क मात्र दुबळा आहे. त्यांचा प्रवेश सुकर करावा आणि नकार दिल्यास कारण द्यावे, इतकेच बंधन सरकारवर असते. समलिंगी विवाहातील जोडीदारही निवासाच्या हक्कापुरता पती किंवा पत्नीच ठरतो, असा निर्णय लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने ५ जून २०१८ रोजी रुमानियातील कोमान खटल्यात दिला.

या विषयातला सर्वांत प्रसिद्ध खटला एका भारतीयाच्या नावाने ओळखला जातो. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये ब्रॅडफर्ड येथे एका ब्रिटिश नागरिक स्त्रीशी विवाह केला. १९८३ ते १९८५ या काळात दोघे जर्मनीत नोकरी करत होते. नंतर व्यवसाय सुरू करण्यासाठी ते ब्रिटनला परतले. पुढे विवाह मोडण्याच्या वाटेवर असताना ब्रिटिश सरकारने सिंग यांना देशाबाहेर काढण्याचा आदेश काढला. पत्नी स्वतःच्याच देशात परतली आहे, म्हणून येथे फक्त ब्रिटिश कायदा लागतो, असे सरकारचे म्हणणे होते. युरोपीय न्यायालयाने ७ जुलै १९९२ रोजी ते फेटाळले. परत येताना जोडीदाराला सोडून यावे लागेल अशी धास्ती असेल, तर कोणी मुळात बाहेरच जाणार नाही. म्हणून परतीच्या प्रवासातही जोडीदाराला किमान तेवढे हक्क मिळाले पाहिजेत, जेवढे दुसऱ्या सदस्य देशात जाताना मिळाले असते.

या निकालातून एक विचित्र विषमता उघडी पडली. ज्याने सीमा ओलांडली त्याचे कुटुंब युरोपीय कायद्याच्या छायेत, आणि जो घरीच राहिला त्याचे कुटुंब त्याच्याच देशाच्या कडक नियमांच्या कात्रीत. २००२ मध्ये डेन्मार्कने पती-पत्नी दोघांचेही वय २४ पूर्ण असल्याशिवाय जोडीदाराला निवास न देण्याचा नियम केला. मग अनेक डॅनिश तरुणांनी ओरेसुंड पुलापलीकडे स्वीडनच्या माल्मो शहरात घर केले आणि नोकरीसाठी ते रोज कोपनहेगनला येऊ लागले. डच जोडपीही आपल्या देशातील कडक नियम टाळण्यासाठी बेल्जियममध्ये जाऊन राहू लागली. ब्रिटनने २०१२ मध्ये जोडीदार आणण्यासाठी वर्षाला किमान १८,६०० पौंडांच्या उत्पन्नाची अट घातल्यावर कित्येक ब्रिटिश नागरिकांनी आयर्लंडमध्ये काही काळ नोकरी करून परतण्याचा मार्ग धरला. त्याला ‘सुरिंदर सिंग मार्ग’ हेच नाव पडले. याला पळवाट म्हणणे अन्यायाचे आहे. ही माणसे कायद्याने दिलेला हक्कच वापरत होती, आणि त्यासाठी नोकरी, घर, मुलांची शाळा हे सगळे हलवण्याची किंमत मोजत होती. १२ मार्च २०१४ च्या निर्णयाने न्यायालयाने एक मर्यादा घातली: दुसऱ्या देशातील वास्तव्य खरे व तीन महिन्यांहून अधिक हवे आणि कौटुंबिक जीवन तेथे रुजलेले हवे. सुटीच्या सहली जोडून हा हक्क तयार होत नाही.

कुटुंबीयाने आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीरपणे राहिलेले असावे, अशी अट आयर्लंडने घातली होती. २५ जुलै २००८ च्या मेटॉक निर्णयाने ती रद्द ठरवली. त्यामुळे भारतातून थेट आलेल्या जोडीदारालाही निर्देश लागू होतो.

प्रत्यक्ष प्रवासात पहिला प्रश्न व्हिसाचा. नागरिकाबरोबर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या कुटुंबीयाला व्हिसा विनाशुल्क आणि जलद द्यायचा असतो. चार आठवड्यांहून जास्त विलंब सहसा समर्थनीय नाही, असे युरोपीय आयोगाने २००९ मध्ये सांगितले. नात्याचा पुरावा, दोघांचे पासपोर्ट आणि नागरिक स्वतःच्या देशाबाहेर जात असल्याचे दाखवणारे काही, एवढे पुरते. बँकेतील शिल्लक, हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट हे सामान्य पर्यटकाकडून मागितले जाणारे कागद येथे मागता येत नाहीत. तरी व्हिसाच्या खिडकीवर ते मागितले जातात. अशा वेळी अर्जाबरोबर निर्देशातील पाचव्या कलमाचा उल्लेख असलेले छोटे पत्र जोडलेले बरे. महाराष्ट्रात नोंदवलेल्या विवाहाच्या दाखल्यावर बहुतेक देश अपोस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेला सरकारी शिक्का) किंवा तत्सम प्रमाणीकरण मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

पहिले तीन महिने राहायला वैध पासपोर्टखेरीज कोणतीही अट नसते. त्यापुढे नागरिकाने नोकरी किंवा व्यवसाय करावा, किंवा पुरेसे उत्पन्न व पूर्ण आरोग्यविमा दाखवावा लागतो. कुटुंबीयाने निवासपत्रासाठी अर्ज केला की पोच तत्काळ आणि पत्र सहा महिन्यांच्या आत मिळायला हवे. ते साधारण पाच वर्षांचे असते. नोकरीसाठी वेगळा परवाना लागत नाही, आणि हे पत्र जवळ असले की नागरिकाबरोबर इतर सदस्य देशांत जाताना व्हिसाही लागत नाही. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातील सीमांवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, नाही, पण निर्देश तेथेही लागू असल्याने ही सवलत तेथेही चालते.

पाच वर्षे सलग राहिल्यावर कायम निवास मिळतो. मात्र कुटुंबाने मध्येच जर्मनी सोडून नेदरलँड्स गाठले, तर नवे निवासपत्र काढावे लागते आणि पाच वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. वारंवार देश बदलणाऱ्या कुटुंबांना हा नियम सर्वांत जाचक ठरतो.

गोव्याशी या विषयाचा थेट संबंध आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बन येथे जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने ते घेणारा भारतीय नागरिकत्व गमावतो, आणि पुष्कळ घरांत एक जोडीदार पोर्तुगीज व दुसरा भारतीय असे चित्र दिसते. अशी कुटुंबे मोठ्या संख्येने ब्रिटनला, विशेषतः स्विंडन व साउथॉलला गेली. ब्रिटन संघातून बाहेर पडल्याने ३१ डिसेंबर २०२० नंतर तो मार्ग नव्याने येणाऱ्यांना बंद झाला. आता आयर्लंड किंवा जर्मनी गाठणाऱ्या पोर्तुगीज गोवेकराच्या भारतीय पत्नीला भाषा परीक्षा द्यावी लागत नाही. जर्मन नागरिकाशी लग्न केलेली पुण्याची मुलगी मात्र सर्वसाधारणपणे मॅक्स म्युलर भवनात जाऊन जर्मनची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण होते, तेव्हाच तिला व्हिसा मिळतो. म्हणजे स्वतःच्या देशात राहणाऱ्या जर्मनापेक्षा तेथे आलेल्या पोर्तुगिजाची बाजू भक्कम.

पती-पत्नी दोघेही भारतीय असतील, तर या निर्देशाचा काहीच उपयोग नाही. त्यांच्यासाठी ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास-परवाना) आणि दीर्घकालीन निवासाचे वेगळे नियम आहेत. डेन्मार्क व आयर्लंड त्या व्यवस्थांत सामील नाहीत.

घटस्फोट हा या हक्कातला सर्वांत नाजूक भाग. विवाह तीन वर्षे टिकलेला असून त्यातले एक वर्ष यजमान देशात गेले असेल, तर कुटुंबीयाचा निवासहक्क घटस्फोटानंतरही टिकतो. मात्र कायम निवास मिळेपर्यंत स्वतःची नोकरी किंवा उत्पन्न दाखवावे लागते. पण घटस्फोटाचा अर्ज दाखल होण्यापूर्वीच संघाचा नागरिक देश सोडून गेला, तर हे संरक्षण मिळत नाही, असा निर्णय १६ जुलै २०१५ रोजी आयर्लंडमधून आलेल्या कुलदीप सिंग व इतरांच्या खटल्यात झाला. २०२१ मध्ये बेल्जियममधील एका प्रकरणात न्यायालयाने घरगुती हिंसाचार सोसलेल्या जोडीदारांना यातून सूट दिली: नागरिक निघून गेल्यानंतर वाजवी मुदतीत घटस्फोटाचा अर्ज केला, तर त्यांचा हक्क अबाधित राहतो.