निळ्या दिव्याची वाट पाहिलेला सेन्सर

कोरोनाच्या काळात घराघरांत पल्स ऑक्सिमीटर आला आणि 'ऑक्सिजन किती?' हा प्रश्न रोजच्या बोलण्यात शिरला. बोटाला लावायची ती चिमटी प्रकाशावरच चालते. त्यामुळे ऑक्सिजन प्रकाशाने मोजणे हे केव्हाच जमलेले काम आहे, असा अनेकांचा समज असतो. पण ऑक्सिमीटर ऑक्सिजनकडे बघतच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा रंग किती बदलला, एवढेच तो बघतो. व्हेंटिलेटरच्या नळीत, भूल देण्याच्या यंत्रात किंवा पाणबुड्याच्या पाठीवरच्या उपकरणात जो वायू वाहतो, त्यात ऑक्सिजन किती हे सांगायला हिमोग्लोबिन नसते. तिथे थेट वायूलाच विचारावे लागते, आणि या वायूने प्रकाशाला फार काळ दाद दिली नाही.

ऑपरेशन थिएटरमधल्या मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडचा आलेख श्वासागणिक चढतो-उतरतो, तो इन्फ्रारेड किरणांच्या जोरावर. नायट्रस ऑक्साइड आणि भुलीची औषधेही त्याच किरणांनी मोजली जातात. ऑक्सिजनच्या रेणूत मात्र दोन अणू, तेही अगदी एकसारखे. तो कितीही थरथरला तरी त्यातला विद्युतभार एका बाजूला झुकत नाही, म्हणून इन्फ्रारेड किरण त्याच्यातून जवळजवळ न अडखळता निघून जातात. ज्याच्यावाचून माणूस काही मिनिटेही तगत नाही, नेमका तोच वायू या सोप्या पद्धतीतून सुटला. पुढचा सगळा इतिहास या अडचणीला घातलेल्या वळशांचा आहे.

पहिला मोठा वळसा चुंबकाचा. बहुतेक वायूंना चुंबकाचे सोयरसुतक नसते, पण ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो. मायकेल फॅरडेला हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दिसले होते. त्याचा व्यवहारात उपयोग व्हायला दुसरे महायुद्ध यावे लागले. ऑक्टोबर १९४० मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका बैठकीत अमेरिकी नौदलाने शास्त्रज्ञांपुढे आपली गरज मांडली: पाणबुडीतल्या हवेत ऑक्सिजन किती उरला आहे हे सांगणारे उपकरण हवे. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेचे रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग त्या बैठकीला होते. थोड्याच दिवसांत त्यांनी रचना सुचवली. क्वार्ट्झच्या बारीक तंतूला टांगलेले काचेचे इवलेसे डंबेल चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवायचे. भोवतीच्या वायूत ऑक्सिजन वाढला की ते किंचित वळते, आणि त्यावरच्या आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका मोजपट्टीवर सरकतो. प्रकाश इथेही होता, पण त्याचे काम फक्त काट्याचे. ही उपकरणे बनवण्याचे काम आर्नल्ड बेकमन यांनी हाती घेतले. युद्धानंतर तीच नवजात बाळांच्या इनक्युबेटरपाशी पोहोचली.

ती तिथे पोहोचण्यामागे दुःखाची गोष्ट आहे. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सढळ हाताने ऑक्सिजन दिला जाई. त्यातली पुष्कळ मुले आंधळी होऊ लागली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी जादा ऑक्सिजनकडे बोट दाखवले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या चाचण्यांनी ते पक्के झाले. ऑक्सिजन कमी पडला तर धोका हे सगळ्यांनाच ठाऊक होते. जास्त झाला तरी धोका, हे कळले तेव्हा तो नुसता सोडून भागेना. मोजणे भाग पडले.

दुसरा वळसा विद्युत-रसायनाचा. अमेरिकेत ओहायो राज्यात काम करणाऱ्या लेलँड क्लार्क यांना हृदय-फुप्फुस यंत्रातल्या रक्तात ऑक्सिजन किती मिसळतो हे मोजायचे होते. १९५४ मध्ये त्यांनी इलेक्ट्रोड प्लास्टिकच्या पातळ पडद्याआड ठेवला. ऑक्सिजन पडद्यातून आत येतो, इलेक्ट्रोडवर खर्च होतो आणि तेवढा विद्युतप्रवाह वाहतो. याच कुळातला पण बाहेरच्या विजेची गरज नसलेला धाकटा भाऊ म्हणजे शिशाचा गॅल्व्हॅनिक सेल. शिशाचा एक ध्रुव, दुसरा बहुधा सोन्याचा, मध्ये अल्कली द्रावण. ऑक्सिजन आला की शिसे गंजते आणि काही मिलिव्होल्ट मिळतात. स्वस्त, लहान, बॅटरी नको. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने भूल देताना श्वासाच्या वायूतला ऑक्सिजन मोजणे हे किमान मानकांतच घातले. तोवर हा सेल यंत्रांत सर्रास बसू लागला होता. आजही कितीतरी व्हेंटिलेटरमध्ये तोच आहे.

त्याची खोड अशी की तो स्वतःला खात खात मोजतो. पाकीट फोडले की त्याचे आयुष्य सुरू, मग यंत्र वापरा किंवा कपाटात ठेवा. वर्ष-दीड वर्षात, फार तर दोन-तीन वर्षांत तो संपतो. संपतानाही सरळ शून्यावर येईल असे नाही.

हा सेल किती दगा देऊ शकतो, हे सर्वांत आधी रिब्रीदर लावून पाण्यात बुडी मारणाऱ्यांनी ओळखले. रिब्रीदरमध्ये सोडलेला श्वास वाया जात नाही. त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून, खर्च झालेला ऑक्सिजन भरून तोच वायू पुन्हा घेतला जातो. (तारकर्ली-मालवणला पर्यटक पाठीवर जी टाकी घेतात ती निराळी. तिच्यात साधी दाबलेली हवा असते, सेन्सरचा प्रश्नच नाही.) इथे टक्क्यांपेक्षा ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे वायूच्या एकूण दाबातला त्याचा वाटा, महत्त्वाचा. तो १.६ बारच्या (एक बार म्हणजे साधारण जमिनीवरच्या हवेचा दाब) वर गेला तर पाण्याखाली झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बहुधा मृत्यूच. थकलेला सेल उघड्या हवेत अगदी बरोबर आकडा दाखवतो, पण ठरावीक मर्यादेपुढे त्याचा प्रवाह वाढतच नाही. प्रत्यक्षात दाब १.६ झाला तरी तो १.२ वर अडून बसतो. नियंत्रक समजतो की ऑक्सिजन कमी आहे आणि आणखी सोडतो. यावर उपाय म्हणून तीन सेल बसवून 'दोघांचे जुळले ते खरे' असा नियम आला. एकाच दिवशी बसवलेले दोन सेल एकाच सुमारास म्हातारे झाले तर बहुमत खोट्याचे होते, ही त्यातली गोम. मतदान करणारे स्वतंत्र नसतील तर मतांची संख्या निरुपयोगी, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके अपयश वाटते.

या सगळ्याच्या खूप आधी प्रकाशाचा मार्ग सापडलेला होता.

काही रंगद्रव्यांवर प्रकाश टाकला की ती तो शोषतात आणि थोड्या वेळाने दुसऱ्या रंगाचा प्रकाश सोडतात. हा 'थोडा वेळ' सेकंदाच्या लाखाव्या-कोट्यंशाव्या भागात मोजायचा. तेवढ्यात उत्तेजित रेणूला दुसरा योग्य रेणू धडकला तर ऊर्जा त्याच्याकडे जाते आणि चमक विझते. किती धडका बसल्या की चमक किती उतरते, याचे साधे सूत्र ऑटो स्टर्न आणि मॅक्स फोल्मर यांनी १९१९ मध्येच दिले होते. ऑक्सिजन हा अशी चमक विझवण्यात पटाईत आहे, हे जर्मनीतल्या हान्स काउट्स्की यांनी १९३० च्या दशकात दाखवले.

त्यांचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. सिलिका जेलच्या काही कणांवर त्यांनी ट्रिपाफ्लेविन हे रंगद्रव्य बसवले, आणि दुसऱ्या कणांवर ऑक्सिडीकरण झाले की रंगीत होणारा बिनरंगी पदार्थ. दोन्ही कण मिसळले, विरळ ऑक्सिजन सोडला आणि प्रकाश टाकला. कण वेगळे असूनही बिनरंगी पदार्थ रंगला. म्हणजे रंगद्रव्याची ऊर्जा घेऊन काहीतरी एका कणावरून दुसऱ्यापर्यंत उडत गेले होते. ते म्हणजे उत्तेजित ऑक्सिजनचा रेणू, असे काउट्स्कींचे म्हणणे. समकालीनांनी ते सहज मान्य केले नाही. ते बरोबर होते हे पटायला १९६० चे दशक उजाडले.

सेन्सरसाठी यातली मोलाची गोष्ट अशी: चमक विझवताना ऑक्सिजन जवळपास खर्च होत नाही. ऊर्जा घेतो, पुन्हा शांत होतो आणि निघून जातो. क्लार्कचा इलेक्ट्रोड आणि शिशाचा सेल ऑक्सिजन खाऊन मोजतात, रंगद्रव्य नुसते भेटून मोजते. १९४४ मध्येच पोलॅक, प्रिंग्सहाइम आणि टरवूर्ड यांनी या पद्धतीने ऑक्सिजनचे अगदी सूक्ष्म प्रमाण मोजून दाखवले. १९६८ मध्ये बर्गमन यांनी 'नेचर'मध्ये हवेतल्या ऑक्सिजनचा झटपट बदल टिपणारे उपकरण मांडले. अतिनील दिवा, आणि त्याच्यापुढे चमकणारे फ्लुओरँथीन हे रंगद्रव्य. ब्रिटनच्या खाणसुरक्षा संशोधनाशी हे काम जोडलेले होते. खाणीत श्वासाची हवा केव्हा बिघडेल याचा नेम नसतो, हे लक्षात घेतले की तिथे याची गरज का भासली ते समजते. १९७५ मध्ये डॉर्टमुंडच्या माक्स प्लांक संस्थेत ल्युबर्स आणि ओपिट्झ यांनी या तत्त्वावर शरीरातल्या वायूंसाठी 'ऑप्टोड', म्हणजे प्रकाशावर चालणारा सेन्सर, तयार केला.

मग अडले कुठे? दिव्यापाशी. फ्लुओरँथीन, पायरीन अशा त्या जुन्या रंगद्रव्यांना अतिनील प्रकाश लागे. त्याचे दिवे मोठे, तापणारे, विजेला भुकेले, आणि तोच प्रकाश रंगद्रव्याला हळूहळू मारून टाकी. १९८० च्या दशकात व्हर्जिनिया विद्यापीठातल्या जेम्स डेमास यांच्यासारख्या संशोधकांनी रुथेनियम धातूची संयुगे पुढे आणली. ती निळ्या प्रकाशाने उत्तेजित होतात आणि तांबडा प्रकाश सोडतात, त्यामुळे गेलेला प्रकाश आणि आलेला प्रकाश साध्या रंगीत काचेने वेगळे करता येतात. ती सिलिकॉन रबरात बसवली की ऑक्सिजन सहज आत येतो आणि पाणी बाहेर राहते. श्वासाचा वायू कायम दमट असतो, म्हणून हे फार सोयीचे. निळा प्रकाश मात्र अजूनही बोजड दिव्यांतून किंवा लेझरमधून आणावा लागे. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी बाजारात आणला, आणि चाळीस-पन्नास वर्षे प्रयोगशाळेत अडकलेली कल्पना अंगठ्याएवढ्या डबीत मावेल अशी झाली. या एलईडीला २०१४ चे नोबेल मिळाले ते घरातल्या पांढऱ्या दिव्यांमुळे. ऑक्सिजनच्या सेन्सरला त्याने लावलेला हातभार फारसा कुणी मोजत नाही.

त्याच सुमारास दुसरी सुधारणा रुळली. चमक किती तेजस्वी हे मोजायचे सोडून ती किती वेळ टिकते हे मोजायचे. तेज दिवा जुना झाल्याने, रंग उडाल्याने किंवा प्रकाश वाहून नेणारा काचतंतू वाकल्यानेही घटते. टिकण्याचा काळ या गोष्टींवर फारसा अवलंबून नसतो. निळा दिवा ठरावीक लयीत उजळवायचा आणि तांबडी चमक त्या लयीच्या किती मागे पडते ते बघायचे. ऑक्सिजन जास्त तर चमक लवकर विझते आणि मागे पडणे कमी होते. एवढे करूनही तापमानाचा परिणाम उरतो, म्हणून अशा प्रत्येक सेन्सरशेजारी थर्मामीटर असावाच लागतो.

गंमत अशी की श्वासासाठी शोधलेले हे तंत्र आधी पाण्यात जिंकले. समुद्रतळाच्या गाळातला, सांडपाण्याच्या टाकीतला, तरंगत्या सागरी यंत्रांवरचा ऑक्सिजन २००० नंतर झपाट्याने ऑप्टिकल सेन्सरवर गेला. विमानांच्या प्रतिकृतींवर असाच रंग फासून वाऱ्याच्या बोगद्यात हवेचा दाब 'बघता' येऊ लागला. श्वासाच्या यंत्रांत मात्र शिशाचा सेल ठाण मांडून राहिला. याची कारणे स्टर्न-फोल्मर सूत्रातच आहेत. ऑक्सिजन कमी असतो तेव्हा थोड्या फरकानेही चमक खूप बदलते. तो भरपूर असतो तेव्हा चमक आधीच एवढी विझलेली असते की ८० टक्के आणि ९० टक्के यांतला फरक जेमतेम कळतो. तळ्यात ऑक्सिजन थोडा असतो, व्हेंटिलेटरमध्ये तो १०० टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे इथे मुद्दाम कमी वेळ चमकणारी रंगद्रव्ये निवडावी लागतात. दुसरी अडचण भुलीच्या वायूंची. हॅलोथेनसुद्धा काही रंगद्रव्यांची चमक विझवते. १९८५ मध्ये वोल्फबाइस आणि सहकाऱ्यांनी याचाच फायदा घेऊन ऑक्सिजन आणि हॅलोथेन दोन्ही मोजणारा सेन्सर केला, पण ऑक्सिजनचा निखळ आकडा हवा असलेल्या भूलतज्ज्ञाला ती डोकेदुखीच.

प्रकाशाचा आणखी एक रस्ता आहे, आणि तो रंगद्रव्याशिवायचा. इन्फ्रारेडला न जुमानणारा ऑक्सिजन ७६० नॅनोमीटरच्या आसपास, गडद तांबड्या टोकाला, प्रकाश किंचित शोषतो. योसेफ फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांना अक्षरे दिली, त्यातली 'ए' म्हणजे हीच. ती सूर्यातली नाही, आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनची आहे. १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी गुंटूरला आलेले फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन या ऑक्सिजनच्या रेषांच्या मागे होते. १८८९ मध्ये त्यांनी नव्या आयफेल टॉवरवरचा दिवा पावणेआठ किलोमीटरवरच्या म्यूदों वेधशाळेतून वर्णपटदर्शकातून पाहिला. एवढा लांब पल्ला घ्यावा लागला कारण हे शोषण फारच क्षीण आहे. या पट्ट्यातल्या ठळक रेषेवरही मीटरभर हवेत प्रकाशाचे दोन-तीन टक्केच जातात. आज त्याच रेषेवर नेमका बसवलेला छोटा अर्धवाहक लेझर वितभर नळीत हे काम करतो. त्याला झिजणारे रसायन नाही, तो इतका चपळ आहे की एकाच श्वासातला चढउतार टिपतो. महाग मात्र आहे.

शिशाच्या सेलला खरा धक्का कायद्याने दिला. विषारी पदार्थांवर बंधने घालणारा युरोपीय संघाचा निर्देश जुलै २०१४ पासून वैद्यकीय उपकरणांनाही लागू झाला. ऑक्सिजन सेन्सरमधल्या शिशाच्या ध्रुवाला त्यात सवलत मिळाली, पण सवलतींना मुदत असते हे उत्पादकांनी बरोबर ओळखले. स्कॉटलंडच्या एसएसटी सेन्सिंगचा 'ल्युमिनॉक्स' हा चमकेवर चालणारा बिनशिशाचा सेन्सर त्याच दशकातला. पाण्याखाली स्वीडनच्या पोसायडन कंपनीने रिब्रीदरसाठी ऑप्टिकल सेन्सर आणला. वेगळ्या तत्त्वावरचा सेन्सर जुन्या सेलांबरोबर म्हातारा होत नाही, म्हणून तिथे त्याचे मत वेगळे धरता येते.

तरी जुन्या व्हेंटिलेटरमध्ये सेल काढून ऑप्टिकल सेन्सर लावला, इतके हे सोपे नाही. शिशाचा सेल वीज न घेता मिलिव्होल्ट देतो, आणि यंत्राचे सर्किट तेवढ्याचीच वाट बघत असते. ऑप्टिकल सेन्सरला पाच व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो आकडा डिजिटल रूपात पाठवतो. म्हणून तो बहुतेक वेळा नव्याने आखलेल्या यंत्रातच शिरतो, आणि इस्पितळातले एकेक यंत्र दहा-दहा वर्षे चालते.