जुन्या डीबीएफ फाइली ‘आर’ किंवा ‘एसपीएसएस’मध्ये आणताना

ज्या पतसंस्था, कारखाने आणि दवाखाने यांचं काम डॉसच्या काळात डीबेस किंवा फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅमांवर चालायचं, त्यांच्यासाठी हे पत्रक. त्या नोंदी डीबीएफ फाइलींत असतात; त्या आम्ही ‘आर’ किंवा ‘एसपीएसएस’ या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून देतो. तशी फाइल उघडणं अवघड नाही. ‘आर’मधलं ‘फॉरिन’ पॅकेज ती एका ओळीच्या कमांडने वाचतं, एसपीएसएस तर थेट उघडतं. उघडलेला डेटा बरोबर आहे की नाही, हे ओळखण्यातच खरी मेहनत आहे.

खोडलेल्या नोंदी

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. फॉक्सप्रोमध्ये डिलीट केलेली नोंद लगेच जात नाही. तिच्या सुरुवातीला फक्त ताऱ्याची खूण पडते आणि ‘पॅक’ कमांड देईपर्यंत ती फाइलमध्येच राहते. एसपीएसएस अशा नोंदीही आत घेतं आणि ‘डी_आर’ नावाच्या वेगळ्या रकान्यात ती खूण ठेवतं. त्या रकान्याकडे न पाहता बेरीज केली, तर कधीच बंद झालेली खाती हिशेबात परत येतात. म्हणून चालू आणि खोडलेल्या नोंदींचे आकडे आम्ही वेगवेगळे लिहून देतो. ते तुमच्या छापील खतावणीशी जरूर ताडून पाहा.

तारखा आणि रिकाम्या जागा

फाइलमध्ये वर्ष चार आकडी असतं, पण पडद्यावर बहुतेक ठिकाणी दोनच आकडे भरले जायचे आणि प्रोग्रॅम त्यांच्या आधी १९ लावायचा. त्यामुळे २००२ मधलं कर्ज १९०२ चं झालेलं दिसू शकतं. न भरलेली रक्कम फॉक्सप्रो शून्य मानायचं. सरासरी काढताना मात्र ती शून्य धरायची की ‘माहिती नाही’, हे तुम्हीच सांगायला हवं. रक्कम रकान्यात मावली नसेल तर तिथे नुसते तारे असतात. तो आकडा फाइलमधून परत मिळत नाही, कागदच शोधावा लागतो.

मराठी नावं

जिस्ट कार्डावर (डॉसच्या संगणकात भारतीय लिप्यांसाठी बसवायचं कार्ड) भरलेली नावं इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असतात, म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती अगम्य चिन्हं दिसतात. ती युनिकोडमध्ये नीट आणता येतात. पुढे विंडोजवर खास फाँट वापरून भरलेली नावं जास्त त्रास देतात, कारण त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. तेव्हा कोणता फाँट होता, हे आठवून सांगा.

फाइल देताना

मूळ फाइलची प्रत जशीच्या तशी द्या. एक्सेलमार्गे आणू नका: सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून पुन्हा उघडली की ‘००४५१’ हा खातेक्रमांक ४५१ होतो, आणि जुन्या एक्सेलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढचं बसतच नाही. त्याच नावाची डीबीटी किंवा एफपीटी फाइल असेल तर तीही द्या, लांब शेरे तिच्यात असतात. इंडेक्सच्या फाइली लागत नाहीत.

रकान्याचं नाव १० अक्षरांत बसवावं लागे. ‘बीएएल२’ म्हणजे मुद्दल की व्याजाची थकबाकी, हे ज्यांनी वर्षानुवर्षं नोंदी भरल्या त्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्याशी अर्धा तास बसून रकान्यांची यादी लिहून घ्या आणि फाइलसोबत पाठवा.