वाळवी तपासणी व उष्णतोपचार (सोलापूर)

घराच्या लाकूडकामात, भिंतींत किंवा जोत्याखाली वाळवी आहे का, असल्यास कोणत्या प्रकारची, कुठून शिरली आणि आज जिवंत आहे का, हे जाणकाराकडून पाहून घेणे म्हणजे वाळवी तपासणी. लाकूड, सामान किंवा अख्खी खोली ठरावीक तापमानापर्यंत तापवून त्यातली कीड मारणे म्हणजे उष्णतोपचार. या दोन्ही सेवा बऱ्याचदा एका दमात सांगितल्या जातात. सोलापुरात तपासणीची गरज जवळजवळ प्रत्येक जुन्या घराला आहे, उष्णतोपचाराची मात्र मोजक्याच वस्तूंना. हा फरक माहीत नसला की पैसेही जातात आणि चौकटही.

मराठीत वाळवी किंवा उधई, शहरातल्या तेलुगू घरांत चेदलु, कन्नड घरांत गेद्दलु. तिला पांढरी मुंगी म्हणण्याची पद्धत आहे, पण ती मुंगी नव्हे. शास्त्रीय वर्गीकरणात ती झुरळांच्या गणात मोडते आणि मुंग्या तर तिच्या शत्रू आहेत. तिचे अन्न सेल्युलोज. म्हणजे लाकूड, कागद, पुठ्ठा आणि कापूससुद्धा. चादरी-टॉवेलच्या या गावात सुताचे गठ्ठे थेट फरशीवर रचून ठेवू नयेत, ते याचसाठी.

घरात सापडणारी वाळवी ढोबळमानाने दोन प्रकारची. जमिनीतल्या वाळवीची वसाहत मातीत असते, राणी तिथेच राहते आणि कामकरी वाळवी मातीच्या नळ्या बांधून घरात खायला येते. ओडोन्टोटर्मिस, हेटेरोटर्मिस आणि कॉप्टोटर्मिस या वंशांतल्या जाती भारतातल्या इमारतींना उपद्रव देतात. नागपंचमीला बायका ज्या वारुळाची पूजा करतात ते ओडोन्टोटर्मिससारख्या वाळवीनेच रचलेले असते. आत ती बुरशीची शेती करते. दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी. तिला मातीशी संबंध लागत नाही, एखाद्या कपाटाच्या पायातच तिचा सगळा संसार असतो. ती प्रामुख्याने दमट हवेच्या, किनारी भागांत आढळते. सोलापूरसारख्या कोरड्या पठारी भागात गाठ पडते ती बहुतेक वेळा जमिनीतल्या वाळवीशी.

सोलापूरची घरे

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. या ताणाने जोत्याला, फरशीला आणि भिंतीच्या पायथ्याला बारीक तडे जातात. वाळवीला दीड-दोन मिलिमीटरची फट पुरते. दुसरे कारण पाण्याचे. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी हौद, जमिनीतल्या टाक्या आणि पिंपे भरून ठेवलेली असतात. टाकी झिरपली की तिच्या भोवतीची माती बारमाही ओली राहते, आणि कडक उन्हाळ्यात आसपासच्या वाळवीला तेवढीच जागा सोयीची. तपासणीला आलेल्या माणसाने हौद कुठे आहे हे पहिल्या पाच मिनिटांत विचारले नाही, तर त्याचे लक्ष कामात नाही असे समजावे.

जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांत धोका वरही असतो. तुळई, त्यावर कड्या, कड्यांवर पाट आणि वर पांढऱ्या मातीचा थर. छतावरच्या मातीत ओल मुरली की भिंतीतून चढलेल्या वाळवीला लाकूड, माती आणि पाणी तिन्ही एकाच जागी मिळते. खाली उभे राहून पाहिले तर कडी धडधाकट दिसते, कारण वाळवी वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून खाते. विणकरांच्या घरांतल्या जुन्या खड्डामागांचे खांब जमिनीत पुरलेले असत, तिथेही तिला मातीतून थेट वाट मिळे.

तपासणी कशी होते

साधने साधी असतात: बॅटरी, स्क्रू-ड्रायव्हर, आरसा, ओलावा मोजणारे यंत्र. काही जण थर्मल कॅमेरा आणतात. तो भिंतीतली ओल आणि तापमानातला फरक दाखवतो, वाळवी दाखवत नाही. खरी कसोटी बोटांची आणि कानांची. चौकटीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने खालून वर टकटक करत गेले की निरोगी सागवान भरीव वाजते, खाल्लेल्या जागी आवाज पोकळ होतो. तिथे टोक हलकेच दाबले तर रंगाचा पापुद्रा कागदासारखा फाटतो आणि आतून माती सांडते. कधी कधी ठोकल्यावर आतून बारीक खडखड ऐकू येते. सैनिक वाळवी डोके आपटून वसाहतीला इशारा देत असते.

चौकटीचे तळ, जिन्याखालची अडगळ, मोरी आणि संडासालगतची भिंत, सिंकखालचे प्लायवूड, भिंतीला टेकलेल्या कपाटाची मागची बाजू, माळा, वायरिंगचे पाइप आणि स्विचबोर्ड, बाहेरून जोत्याची चारही अंगे आणि अंगणातले झाड, एवढे पाहायला दोन खोल्यांच्या घरातही चांगला तासभर जातो. दहा मिनिटांत उरकलेली ‘फुकट तपासणी’ म्हणजे दर ठरवायला आलेली भेट.

तपासणीतला सगळ्यांत उपयोगाचा भाग म्हणजे खुणा वाचणे. भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी दिसली तर वाळवी जमिनीतली. लाकडाखाली खसखशीसारखे, एकसारखे, सहा कडा असलेले दाणे पडले असतील तर कोरड्या लाकडातली. आणि मैद्यासारखी भुकटी पडत असेल तर ती वाळवी नव्हेच, तो लाकडातला भुंगा. नळी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी मधला दोन बोटे भाग मोडून ठेवतात. दोन-तीन दिवसांत तो ओल्या मातीने सांधला गेला तर वाळवी कामावर आहे. तसाच राहिला म्हणून निर्धास्त होऊ नये. ती वाट बदलते.

लेखी अहवालात घराचा आराखडा, खुणांच्या जागा आणि फोटो हवेत. जे पाहता आले नाही, जसे की बंद खोली किंवा फॉल्स सीलिंगच्या वरची जागा, त्याचीही नोंद हवी. बरेच जण हेच टाळतात.

उष्णतोपचार

लाकडाचा गाभा साधारण ५० अंश सेल्सिअसवर अर्धा तास राहिला तर त्यातली वाळवी मरते. गाभा हा शब्द महत्त्वाचा. लाकूड उष्णता सावकाश आत घेते, म्हणून हवा ५५-६० अंशांपर्यंत तापवून कित्येक तास राखावी लागते आणि तापमापकाच्या तारा लाकडात भोक पाडून आत बसवाव्या लागतात. निर्यातीच्या पॅलेटसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम याहून कडक आहे: गाभ्याला ५६ अंश, सलग ३० मिनिटे. खोली तापवण्यापूर्वी गॅस सिलिंडर, स्प्रेचे डबे, औषधे, मेण आणि वितळणारे प्लास्टिक बाहेर काढतात.

ही पद्धत कोरड्या लाकडातली वाळवी, भुंगा आणि ढेकूण यांवर चांगली चालते, रसायनही लागत नाही. ढेकणांवर तर हा आपल्याकडचा जुनाच उपाय: मे महिन्यात खाट अंगणात काढायची आणि सांध्यांत उकळते पाणी ओतायचे. पण जमिनीतल्या वाळवीवर उष्णतोपचार व्यर्थ आहे. चौकट तापली तरी मातीत खोल बसलेल्या राणीला झळ लागत नाही. महिन्या-दोन महिन्यांत नवी नळी उभी राहते. शिवाय उष्णतेचा प्रभाव मागे उरत नाही. सोलापूरचा पारा ४२-४४ अंशांवर गेला तरी उन्हात ठेवलेल्या जाड तुळईचा गाभा पुरेसा तापेल याची खात्री नसते. ऊन गाद्यांना, पातळ फळ्यांना आणि पुस्तकांतली ओल घालवायला उपयोगी.

जमिनीतल्या वाळवीसाठी

इथे मातीवरच उपचार लागतो. भारतीय मानक आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात बांधून झालेल्या इमारतींची पद्धत दिली आहे: भिंत आणि फरशीच्या सांध्यात ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण भरायचे आणि भोके बुजवायची. क्लोरपायरिफॉस, इमिडाक्लोप्रिड, बायफेन्थ्रिन ही नेहमीची औषधे. हौद आणि बोअरच्या जवळ काम करताना औषध पाण्यात उतरणार नाही याची काळजी घेणे हे ठेकेदाराचे काम, पण ते करून घेणे घरमालकाच्या हातात. आमिषाच्या पेट्यांचा, म्हणजे औषध मिसळलेले खाद्य वाळवीच्या वाटेत ठेवण्याचा, मार्ग संथ आहे. त्यातले औषध वाळवीला कात टाकू देत नाही आणि हळूहळू वसाहत खचते. कीड नियंत्रणाच्या व्यवसायासाठी कीटकनाशक कायदा १९६८ खाली परवाना लागतो. तो पाहायला मागण्यात संकोच नको.

तपासणीला योग्य काळ म्हणजे मृगाचे पहिले पाऊस पडून गेल्यावरचे दिवस. त्या संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती झेपावते आणि सकाळी खिडकीत पंखांचा खच पडतो. बाहेरून आलेली वाळवी दिवे मालवले की कमी होते. बंद खोलीत, चौकटीच्या पायाशी पंख सापडले तर वसाहत घरातच असण्याची शक्यता मोठी. ते पंख झाडून टाकू नयेत. कागदाच्या पुडीत बांधून, कोणत्या खोलीत आणि कोणत्या तारखेला सापडले ते वर लिहून ठेवावे आणि तपासणीला येणाऱ्याच्या हाती द्यावे.