मक्याच्या पातेल्यातला चुना

मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे आणि रात्रभर तसेच झाकून ठेवायचे. सकाळी एक दाणा दोन बोटांत चोळला, की पिवळी, बुळबुळीत झालेली साल अलगद सुटून येते. मग दाणे धुवायचे, वाटायचे आणि पातळ भाकऱ्या थापून तव्यावर टाकायच्या. चुन्यात शिजलेल्या या दाण्यांना मेक्सिकोत निश्तमाल म्हणतात. शब्द स्पॅनिशांच्या आधी मेक्सिकोत राज्य करणाऱ्या अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला, आणि त्यात 'राख' दडलेली आहे. चुन्याऐवजी लाकडाची राखही चालते.

मेक्सिकोचा इतिहास म्हटलं की पिरॅमिड आठवतात. मला मात्र तो या पातेल्यात जास्त दिसतो.

सुमारे ९,००० वर्षांपूर्वी नैऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात लोकांनी तेओसिंते नावाचं रानगवत जवळ केलं. त्याच्या कणसाला जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. पिढ्यान् पिढ्या बियाणं निवडत त्यांनी या गवताचा मका केला. कवच जाऊन दाणा उघडा पडला, तो मुख्यतः एकाच जनुकातल्या बदलामुळे. दक्षिण मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या गिला नाकित्स गुहेत ६,००० वर्षांहून जुनी इवलीशी कणसं सापडली आहेत.

पण नुसत्या मक्यावर माणूस जगत नाही. त्यातलं नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, असं बांधलेलं असतं की आतड्याला ते नीट शोषता येत नाही. चुन्याचं अल्कधर्मी पाणी ही बांधणी सोडवतं. शिवाय दाण्यात कॅल्शियम उतरतं आणि पिठाला चिकटपणा येतो. मक्याच्या साध्या पिठाची भाकरी थापताना कडा कशा फुटतात, हे आपल्या घरातही ठाऊक असतं. तेनोच्तित्लानसारखं, अ‍ॅझ्टेकांच्या राजधानीचं तळ्यातलं प्रचंड शहर याच अन्नावर पोसलं गेलं.

१५२१ साली स्पॅनिशांनी ते शहर जिंकलं. मका युरोपात गेला, चुना मागेच राहिला. अठराव्या शतकापासून स्पेन आणि इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांच्या अंगावर उन्हानं चट्टे उठू लागले, जुलाब लागले, भ्रम होऊ लागला. हा पेलाग्रा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही त्यानं हजारो बळी घेतले. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो संसर्गानं नव्हे, निकृष्ट आहारानं होतो हे दाखवून दिलं. तो नायसिनच्या अभावानं होतो, हा उलगडा १९३७ साली झाला. मेक्सिकोतल्या ज्या मूळ रहिवाशांना 'रानटी' म्हटलं गेलं, त्यांच्या बायकांच्या हाताला हे शहाणपण तीन हजार वर्षांपासून होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याची किंमतही त्यांनीच मोजली. रोज पहाटे गुडघे टेकून दगडी पाट्यावर तासन् तास वाटण. विसाव्या शतकात गावोगाव निश्तमालच्या गिरण्या आल्या, तेव्हा कुठे ते तास मोकळे झाले.

अमेरिका आणि कॅनडाबरोबरच्या १९९४ च्या मुक्त व्यापार करारानंतर अमेरिकेतला स्वस्त मका मेक्सिकोत लोटला आणि लहान शेतकरी अडचणीत आला. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोनं जनुकबदल केलेल्या मक्याच्या लागवडीवरची बंदी थेट राज्यघटनेत लिहिली, आणि मका ही राष्ट्राची ओळख असल्याचंही.