‘अ’ समरी आणि न उलगडलेले खून : सातारा-सांगलीतील जुन्या कागदांची पार्श्वभूमी

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात पन्नास-साठ किंवा त्याहून अधिक वर्षांपूर्वी झालेल्या आणि कधीच न उलगडलेल्या एखाद्या खुनाचा माग काढायचा, तर आधी त्याचे कागद कोणत्या दप्तरात असतील हे ठरवावे लागते. आजचा सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ या नावाने निर्माण झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर या भागातील त्यापूर्वीच्या गुन्ह्यांचा पत्रव्यवहार साताऱ्याशी झालेला असतो. तर सांगली, मिरज, जत, फलटण आणि औंध संस्थानातील आटपाडी येथे १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत पोलीसही संस्थानाचे आणि न्यायालयही संस्थानाचेच होते. मुंबई राज्याने १९५१ चा कायदा करून न्यायदान महसुली अधिकाऱ्यांकडून वेगळे केले. तोवर तालुक्याचा मामलेदारच दंडाधिकारी असे. म्हणून त्या काळातील प्रकरण न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळाले नाही, तर तहसील कचेरीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून पाहिल्याशिवाय ते नष्ट झाले असे मानू नये.

अशा बहुतेक शोधांचा रस्ता शेवटी एकाच शेऱ्यापाशी येऊन थांबतो, तो म्हणजे ‘अ’ समरी मंजूर. तपास करूनही आरोपी निष्पन्न झाला नाही, तर पोलीस गुन्हा ‘अ’ वर्गात घालून दंडाधिकाऱ्याकडे अंतिम अहवाल पाठवतात. फिर्याद खोटी निघाली तर ‘ब’, आणि ती गैरसमजातून आली असेल किंवा वाद दिवाणी असेल तर ‘क’. १ जुलै २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे वर्ग कोठेही नव्हते, ते मुंबई इलाख्याच्या पोलीस नियमावलीतून चालत आले आहेत. ‘अ’ समरीचा खरा आशय इतकाच, की गुन्हा खरा आहे आणि गुन्हेगार सापडलेला नाही. म्हणजे खून झाला याची ती सरकारी कबुली असते. प्रत्यक्षात मात्र ठाण्यापासून गावच्या चावडीपर्यंत तिचा अर्थ ‘फाइल बंद झाली’ असाच घेतला गेला, आणि मयताच्या घरच्यांनीही तो तसाच स्वीकारला.

कायदा त्या अर्थाला कधीच दुजोरा देत नाही. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादा नाही. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम १७३(८) ने अंतिम अहवालानंतरही पुढील तपासाची स्पष्ट मुभा दिली. १८९८ च्या संहितेत तशी स्पष्ट तरतूद नव्हती. वादाचा खरा मुद्दा समरी मंजूर होताना कोणाचे म्हणणे ऐकले गेले, हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठरवून दिले, की अंतिम अहवाल स्वीकारण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने फिर्यादीला नोटीस द्यावी. त्याआधीच्या प्रकरणांत पोलिसांनी अहवाल पाठवला, दंडाधिकाऱ्याने सही केली आणि ज्याचा भाऊ किंवा बाप मारला गेला त्याला काही कळलेच नाही, असे होण्याला कायद्याची आडकाठी नव्हती. तपासी अंमलदाराची बाजूही नोंदवली पाहिजे : हाताखाली मोजके शिपाई, हद्दीत कित्येक गावे, आणि रक्ताच्या नमुन्यांची तपासणी मुंबई-कलकत्त्यासारख्या दूरच्या ठिकाणी. तरीही फिर्यादीला न विचारता घेतलेल्या या निर्णयांनी अज्ञात गुन्हेगारापेक्षा जास्त नुकसान केले, असे मला वाटते. कारण घरच्यांना ठाऊक असलेली भावकीची, बांधाची, पाण्याच्या पाळीची हकिगत कागदावर येण्याची शेवटची संधी तेथेच गेली.

उरलेल्या कागदांत सर्वांत बोलका असतो तो प्रेताचा पंचनामा. पोलीस पाटलाने दिलेल्या वर्दीवरून, म्हणजे खबरीवरून, हवालदार गावात पोहोचे आणि पंचांसमक्ष लिहून घेई : डोके पूर्वेस, पाय पश्चिमेस, अंगात कोणते कपडे, धोतराला गाठ कोठे, जखम किती लांब, किती खोल, शेजारी चप्पल एक की दोन. पंचांच्या सह्यांच्या जागी अनेकदा नुसते अंगठे असतात. मृत्यू आधी ‘अकस्मात’ म्हणून दाखल झाला असेल, तर त्याचा क्रमांक वेगळ्याच रजिस्टरात असतो, आणि केवळ गुन्हा रजिस्टर चाळणाऱ्याला तो सापडत नाही. वतनी पाटीलकी जाऊन १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमणुकीचे पोलीस पाटील आले. त्याआधीच्या पाटलांचे काही कागद त्यांच्या वाड्यांतच राहिले असण्याची शक्यता असते, त्यामुळे तेथेही विचारणा करावी. साक्षीदार शोधायचे तर मुंबईकडे पाहावे लागते, कारण पाटण-जावळीची माणसे गिरण्यांत आणि माथाडी कामात गेली होती. १९७२ च्या दुष्काळाने माण, खटाव, जतमधून आणखी माणसे बाहेर पडली, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यांचे जुने पत्तेही बदलले.

अलीकडच्या दोन दशकांनी या शोधाला बळही दिले आणि धक्केही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या महापुरांत सांगलीतील बरेच जुने कागद भिजले. दुसरीकडे, २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी गावोगावची कोतवाल पुस्तके, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना चौदा, बाहेर काढून त्यांची छायाचित्रे घेतली गेली. जातीसाठी पाहिलेल्या त्याच पानांवर मृत्यूची तारीख आणि कारणही लिहिलेले असते, हे खुनाच्या अभ्यासकाने विसरू नये.

माहिती अधिकाराचा उपयोग मात्र अजून फार कमी जण करतात. तपासात अडथळा येईल या कारणाने माहिती नाकारण्याची सोय कलम ८(१)(ज) मध्ये आहे, पण कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनेच्या माहितीला ती सबब लावता येत नाही. त्यामुळे १९६० च्या दशकातील खुनाबाबत ‘तपास प्रलंबित’ असे उत्तर आले, तर ते अपिलात टिकू नये. अर्जात गुन्हा रजिस्टर क्रमांक माहीत नसला तरी गाव, वर्ष आणि मयताचे नाव द्यावे, समरी मंजुरीच्या आदेशाची नक्कल वेगळी मागावी, आणि कागद नष्ट केल्याचे उत्तर आल्यास ते कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने नष्ट झाले याची नोंदही मागावी. अभिलेखांच्या वर्गवारीत ‘अ’ म्हणजे कायम जतन करायचा कागद. समरीच्या ‘अ’ चा त्याच्याशी काहीही संबंध नाही. म्हणून ‘अ’ समरी झाली, तेव्हा फाइल जपलेलीच असेल, असे गृहीत धरून अर्ज लिहू नये.